सावर गॅसची पाइपलाइन: ९६ तासांची चाचणी उत्तीर्ण झालेला साठ्यातला पाइप घ्यावा का?

महापे_डिझाइन (धागाकर्ता)

नमस्कार. महापे येथील एका अभियांत्रिकी सल्लागार कचेरीत मी पाइपलाइनच्या मटेरियलचे काम पाहतो. सध्या आखातातील एका ग्राहकासाठी, विहिरींच्या समूहापासून प्रक्रिया केंद्रापर्यंत ओला (पाण्याचा अंश असलेला) आणि सावर (हायड्रोजन सल्फाइड असलेला) गॅस नेणाऱ्या छोट्या लाइनचे मागणीपत्रक तयार करत आहे. दाब ७० बार, हायड्रोजन सल्फाइड ३०० पीपीएम आणि कार्बन डायऑक्साइड ३ टक्के. ३०० पीपीएम ऐकायला किरकोळ वाटते. पण आयएसओ १५१५६ हे मानक आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्या वायूचा वाटा, पाहते आणि तो येथे २.१ किलोपास्कल येतो. सावर सर्व्हिस ०.३ किलोपास्कलपासून धरली जाते, म्हणजे आमची लाइन त्या मर्यादेच्या सातपट वर आहे.

आता अडचण अशी की कळंबोलीच्या एका व्यापाऱ्याकडे हव्या त्या मापाचे वेल्डेड पाइप तयार पडून आहेत आणि किंमतही बरीच कमी आहे. त्याने पाठवलेल्या फोटोत पाइपवर ‘एपीआय ५एल, पीएसएल २, एक्स ६५ एम’ अशी छपाई दिसते (एपीआय ५एल हे लाइन पाइपचे मानक, पीएसएल २ ही त्यातली कडक पातळी, एक्स ६५ ही ताकदीची ग्रेड). सावर सर्व्हिससाठी बनवलेल्या पाइपवर शेवटी ‘एमएस’ असते. येथे तो ‘एस’ नाही. मात्र सोबत नेस टीएम ०२८४ या हायड्रोजनचे तडे तपासण्याच्या पद्धतीप्रमाणे ९६ तासांच्या चाचणीचे प्रमाणपत्र जोडले आहे, त्यात ‘द्रावण बी, एकही तडा नाही’ असे लिहिले आहे. मिलच्या (पाइप बनवणाऱ्या कारखान्याच्या) प्रमाणपत्रातले रसायन असे: कार्बन ०.०७, मँगनीज १.५२, गंधक ०.००४, तांबे ०.२६ टक्के.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे पोलाद गंजते तेव्हा पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी ते जोडीने एकत्र येऊन बुडबुड्यांच्या रूपाने निघून गेले असते. पण सल्फाइड ही जोडी जमू देत नाही आणि बरेचसे अणू पोलादात शिरतात. आत एखाद्या चपट्या अशुद्धीच्या कडेला जागा मिळाली की तेथे ते जोडी करून वायू होतात, त्याचा दाब वाढत जातो आणि पृष्ठभागाला समांतर तडा फुटतो. बाहेरून काहीही ताण नसला तरी हे घडते. यालाच आपण एचआयसी (हायड्रोजनमुळे पडणारा तडा) म्हणतो. दुसरा प्रकार एसएससी (सल्फाइडमुळे ताणाखाली पडणारा तडा). त्याला ओढणारा ताण आणि कठीण पोलाद अशा दोन्ही गोष्टी लागतात.

खरेदी विभाग म्हणतो की प्रमाणपत्र असताना नकार का द्यायचा. मला नकार द्यावासा वाटतो, पण तो कारणांसह लिहून द्यायचा आहे. जाणकारांनी मत द्यावे.

भट्टीवाला

पोलाद वितळवण्याच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालो, आता ठाण्यात असतो. आपण दिलेला गंधकाचा आकडा पाहिला आणि हे पोलाद सावर सर्व्हिससाठी ओतलेच नव्हते, हे लगेच लक्षात आले. साध्या पीएसएल २ एक्स ६५ ला ०.०१५ टक्के गंधक चालतो. त्या मानाने ०.००४ म्हणजे फारच स्वच्छ पोलाद. परंतु एपीआय ५एलचे सावर सर्व्हिससाठीचे परिशिष्ट एच वेल्डेड पाइपसाठी ०.००२ च्या वर जाऊ देत नाही आणि जबाबदार मिल त्याच्याही निम्म्यावर, म्हणजे १० पीपीएमच्या आसपास, नेम धरते.

हा फरक लॅडलमध्ये (वितळलेले पोलाद धरणाऱ्या मोठ्या पात्रात) पडतो, नंतर कुठेही तो भरून काढता येत नाही. आधी भट्टीत जाणाऱ्या लोहरसातून चुना आणि मॅग्नेशियम वापरून गंधक काढायचा, मग लॅडल फर्नेसमध्ये चुन्याच्या स्लॅगखाली (वर तरंगणाऱ्या मळीखाली) पोलाद ढवळत राहायचे, मग निर्वात टाकीत घेऊन विरघळलेला हायड्रोजन आणि नायट्रोजन उतरवायचा. इतके करूनही थोडा गंधक उरतोच. तो मँगनीजशी जुळला तर मँगनीज सल्फाइड होते, आणि ते रोलिंगच्या तापमानाला मऊ असल्यामुळे प्लेटबरोबर लांबट, चपटे पसरते. आपण लिहिलेली ‘चपटी अशुद्धी’ ती हीच. म्हणून शेवटी कॅल्शियमची तार सोडतात. कॅल्शियम १४८४ अंशांना उकळते आणि लॅडलमधले पोलाद त्याहून शंभरएक अंश गरम असते. तार वरवर वितळली तर कॅल्शियमची वाफ होऊन ज्वाळेबरोबर उडून जाते आणि पोलादाला काहीच मिळत नाही. त्यामुळे तार वेगाने, खोलवर घुसवावी लागते. नीट जमले तर कॅल्शियम गंधकाला पकडते, ॲल्युमिना (पोलादात उरलेले ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) त्याच्याशी मिळून वितळते व त्याचे गोल थेंब होतात, आणि पुरीच्या कणकेतला ओवा जसा लाटण्याखालीही गोलच राहतो तसे हे कण रोलिंगनंतरही गोल राहतात.

यात दोन्हीकडून चूक होते. कॅल्शियम कमी पडले तर लांबट सल्फाइड उरते. जास्त झाले, किंवा गंधक आधी पुरेसा उतरलेला नसताना टाकले, तर कॅल्शियम सल्फाइडचे घट्ट कण होऊन कॅस्टरचे (पोलाद ओतून गोठवणाऱ्या यंत्राचे) नोझल तुंबते आणि त्यांचे पुंजके स्लॅबमध्ये (गोठलेल्या जाड लादीत) जातात. पुंजका रोलिंगमध्ये ओळीने पसरला की त्याच्याही कडेला तडा फुटतो. टंडिशमध्ये (लॅडल आणि कॅस्टर यांच्यामधल्या पात्रात) हवा लागली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. परिशिष्ट एच कॅल्शियम आणि गंधक यांचे गुणोत्तर किमान दीड मागते ते याच कारणासाठी, गंधक ०.००१५ किंवा त्याहून खाली असेल तेव्हाच त्यातून सूट मिळते. आपल्या प्रमाणपत्रात कॅल्शियमचा आकडा आहे का, ते पाहावे.

दुसरा प्रश्न मँगनीजचा. १.५२ हा आकडा कागदावर नियमात बसतो, कारण परिशिष्ट एच या ग्रेडला १.६० पर्यंत परवानगी देते. पण स्लॅब बाहेरून आत गोठतो आणि गोठताना मँगनीज, फॉस्फरस, कार्बन उरलेल्या द्रवात ढकलले जातात. शेवटी मध्यभागी जो द्रव गोठतो त्यात यांचे प्रमाण सरासरीपेक्षा बरेच जास्त असते. प्लेटच्या बरोबर मध्यावर कठीण पट्टा तयार होतो तो तेथेच, आणि हायड्रोजनला अशा पट्ट्यातून तडा नेणे सोपे जाते. म्हणून चांगले कॅस्टर स्लॅबचा गाभा अर्धवट द्रव असतानाच रोलर्सनी तो काही मिलिमीटर दाबतात, जेणेकरून तो समृद्ध द्रव एका जागी साचू नये. यंत्र जुने असेल, किंवा ओतण्याचा वेग त्या वेळी बदलला असेल, तर दाब चुकीच्या जागी पडतो. हे कुठल्याही प्रमाणपत्रात लिहिलेले नसते.

खरेदी_डेस्क

आपण सांगता ते पटते, तरी व्यवहाराची बाजू मांडतो. सर्वांना मँगनीजचीच भीती असेल तर मिल ते कमी का करत नाहीत? आणि चाचणीत एकही तडा आला नाही, ही वस्तुस्थिती रसायनाच्या आकड्यांपेक्षा मोठी का मानू नये? शेवटी पोलादाने काय केले ते महत्त्वाचे, त्याच्यात काय होते ते नव्हे. सावर ग्रेडचा पाइप नव्याने बनवून घ्यायचा तर मिलच्या रांगेत थांबावे लागते आणि प्रकल्पाचा कालावधी त्यातच निघून जातो.

भट्टीवाला

मँगनीज कमी केले की ताकद कमी होते. ती दुसरीकडून आणावी लागते. सावर ग्रेडमध्ये कार्बन ०.०४ च्या आसपास, मँगनीज १.२ ते १.३ आणि बाकीची ताकद नायोबियम, टायटॅनियम, थोडे क्रोमियम किंवा मॉलिब्डेनम आणि मुख्यतः नियंत्रित रोलिंग व जलद थंडावा यांतून काढतात. मँगनीज ०.३ टक्क्यांपर्यंत खाली नेऊन नायोबियम ०.१ च्या जवळ न्यायचे, असाही एक मार्ग आहे. मँगनीज इतके कमी असले की मध्यपट्ट्याचा प्रश्न जवळजवळ संपतो आणि रोलिंगही जास्त तापमानाला करता येते. माझ्या मते हा मार्ग आजवर झाला त्यापेक्षा अधिक वापरला जायला हवा होता, पण मिलना आपली जमलेली रेसिपी सोडवत नाही.

रोलिंगची गोम अशी की शेवटचा पास आणि थंडाव्याची सुरुवात हे दोन्ही पोलादात फेराइट (लोखंडाची मऊ स्फटिकरचना) तयार होऊ लागण्याच्या आधी व्हायला हवे. एकदा फेराइट सुटू लागले की कार्बन उरलेल्या भागात गोळा होतो आणि थर पडतात. साध्या पाइपमध्ये हे चालते, किंबहुना ताकदीसाठी मुद्दाम केले जाते, पण सावर सर्व्हिसमध्ये हेच थर तड्याची वाट होतात. वेळेवर आणि सारखा थंडावा दिला तर बारीक, एकजिनसी सुईदार फेराइट मिळते आणि त्यातून तडा सरळ धावू शकत नाही. आपल्या व्यापाऱ्याची प्लेट कोणत्या हेतूने रोल केली होती, ते छपाईत न दिसणाऱ्या ‘एस’वरूनच कळते.

घासकागद

मी रबाळे येथील एका चाचणी प्रयोगशाळेत धातुपरीक्षणाचे काम करतो. खरेदी_डेस्क यांचा मुद्दा योग्य आहे, पण त्याचे उत्तर प्रमाणपत्रातल्याच एका अक्षरात आहे. चाचणी ‘द्रावण बी’मध्ये केली आहे.

द्रावण ए म्हणजे ५ टक्के मीठ, अर्धा टक्का ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन सल्फाइडने संपृक्त पाणी. त्याचा सामू (पीएच) २.७ च्या आसपास सुरू होतो. द्रावण बी म्हणजे कृत्रिम समुद्राचे पाणी, तेही संपृक्त, पण सामू ५ च्या जवळ. दोन्हींत ९६ तास ठेवायचे, दोन्हींचे प्रमाणपत्र दिसायला सारखेच; परंतु पोलादात शिरणाऱ्या हायड्रोजनच्या मात्रेत मोठा फरक पडतो. आता तांब्याचा आकडा पुन्हा पाहावा. ०.२ टक्क्यांहून थोडे अधिक तांबे असले की सामू ५ च्या आसपास पृष्ठभागावर एक संरक्षक थर बसतो आणि हायड्रोजन आत जाण्याचे प्रमाण घटते. सामू खाली गेला की तो थर टिकत नाही. म्हणजे या नमुन्याने द्रावण बीमध्ये स्वच्छ निकाल दिला त्याचे श्रेय गाभ्याच्या गुणवत्तेला द्यायचे की तांब्याला, हे त्या प्रमाणपत्रावरून सांगता येत नाही. आपल्या लाइनमध्ये तर कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब २ बारच्या वर आहे. गॅस थंड होऊन जे पाणी साचेल त्याचा सामू ४ च्या खाली जाईल. तेथे तांबे कामाला येणार नाही.

या चाचणीला इतिहास आहे. १९७२ मध्ये अबू धाबीजवळच्या उम शैफ क्षेत्रातील समुद्राखालची एक्स ६५ ची लाइन चालू झाल्यावर थोड्याच काळात फुटली, आणि त्यानंतर समुद्राचे पाणी वापरून नमुने तपासण्याची पद्धत रूढ झाली. पुढे आम्लयुक्त द्रावण आले ते समुद्राच्या पाण्यात उत्तीर्ण होणारे सर्वच पोलाद प्रत्यक्षात टिकत नाही म्हणूनच.

निकाल कसा मोजतात तेही सांगतो, कारण ‘एकही तडा नाही’ हे वाक्य किती काळजीने लिहिले आहे ते त्यावर ठरते. नमुना १०० मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर रुंद असतो, जाडी पाइपच्या भिंतीइतकी. द्रावणातून आधी नायट्रोजन सोडून प्राणवायू घालवायचा, मगच हायड्रोजन सल्फाइड. प्राणवायू राहिला तर निकालाला अर्थ उरत नाही. ९६ तासांनंतर नमुना तीन ठिकाणी कापून, प्रत्येक छेद आरशासारखा घासून सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठा करून पाहायचा. एकूण तड्यांची लांबी भागिले २० मिलिमीटर, हे लांबीचे गुणोत्तर. परिशिष्ट एचची मर्यादा १५ टक्के, म्हणजे छेदामागे सरासरी फक्त ३ मिलिमीटर. घासताना घाई केली तर बारीक तड्याचे तोंड मऊ फेराइटने झाकले जाते आणि छेद स्वच्छ दिसतो. हलके एचिंग करून (आम्लाने पृष्ठभाग किंचित खाऊन) पुन्हा घासले की तोच तडा केसासारखी काळी रेघ होऊन, पायऱ्यापायऱ्यांनी, बरोबर मध्यावर उघडा पडतो. म्हणून मी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात छेदांची छायाचित्रे नसतील तर तो अपुरा मानतो.

आणखी एक. परिशिष्ट एच पहिल्या तीन हीटची (हीट म्हणजे एका वेळी वितळवलेले पोलाद) प्रत्येकी एक चाचणी मागते, त्यानंतर किमान दर दहा हीटमागे एक. हा हिशेब एकाच मिलमध्ये, एकाच पद्धतीने, सलग बनलेल्या मालासाठी आहे. व्यापाऱ्याच्या साठ्यात वेगवेगळ्या वेळच्या हीट मिसळलेल्या असतात. प्रमाणपत्र ज्या हीटचे आहे ती सोडून इतर पाइपांविषयी ते काहीही सांगत नाही.

उरणकर

प्रक्रिया विभागातील माणूस म्हणून वेगळी बाजू मांडतो. सगळी चर्चा पाणी आहे असे धरून चालली आहे. पाणी नसेल तर गंज नाही, गंज नाही तर हायड्रोजन नाही. वसईच्या समुद्रातून हजिऱ्याला येणारा गॅस सावरच आहे आणि हजिऱ्याच्या प्रकल्पात तो गोड केला जातो, म्हणजे त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढला जातो; पण समुद्रातल्या फलाटांवर तो आधी वाळवून मगच मुख्य लाइनमध्ये सोडतात. विहिरीजवळच गॅस वाळवणारे ग्लायकॉलचे छोटे संयंत्र बसवले तर महाग पोलादाचा आग्रह धरण्याची गरज किती राहते, याचा हिशेब कुणी केला आहे का? लांब लाइनसाठी तर हाच मार्ग स्वस्त पडतो.

महापे_डिझाइन

लाइन छोटी असल्यामुळे आमच्या ग्राहकाने तो पर्याय आधीच नाकारला आहे. विहिरींवर माणसे नसतात, आणि संयंत्र बंद पडले की ओला गॅस तसाच पुढे जातो. आयएसओ १५१५६ सुद्धा असे अवचित ओले प्रसंग हिशेबात घ्यायला सांगते. तरी लांब मुख्य लाइनच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य आहे.

वेल्डगेज

आतापर्यंत सर्व बोलणे एचआयसीविषयी झाले. वेल्डिंग तपासनीस म्हणून मला एसएससीची काळजी अधिक वाटते, कारण एचआयसी बहुधा हळूहळू वाढते आणि अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडू शकते. एसएससी मात्र सूचना न देता लाइन फोडते. ९६ तासांची चाचणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. त्यासाठी नमुन्यावर ताण देऊन ७२० तास द्रावणात ठेवावे लागते, आणि व्यापाऱ्याच्या कागदांत तसा अहवाल असल्याचे आपण लिहिलेले नाही.

कॅस्पियन समुद्रातील काशागानचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. सप्टेंबर २०१३ मध्ये उत्पादन सुरू झाले, काही आठवड्यांतच गळती होऊन ते थांबवावे लागले, कारण एसएससी निघाले, आणि तेल व गॅसच्या दोन्ही लाइन काढून आतून निकेल मिश्रधातूचा थर दिलेले पाइप टाकावे लागले. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडले. तेथील गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड १५ टक्क्यांच्या घरात आहे, त्यामुळे आपल्या ३०० पीपीएमशी थेट तुलना करू नये. पण त्यानंतर प्लेटच्या पृष्ठभागावरील कठीण डागांकडे सगळ्या उद्योगाचे लक्ष गेले, आणि तो धडा आपल्यालाही लागू आहे. भट्टीवाला यांनी ज्या जलद थंडाव्याची स्तुती केली त्याचीच ही दुसरी बाजू. पाण्याचा मारा एखाद्या जागी जास्त झाला, किंवा पृष्ठभागावरच्या पपडीमुळे असमान झाला, तर वरचा पातळ थर आतल्या भागापेक्षा कितीतरी वेगाने थंड होऊन कठीण होतो. पाइप वळवताना हाच पृष्ठभाग आतल्या बाजूला, म्हणजे गॅसला लागून, येऊ शकतो.

काठिण्याची मर्यादा २५० व्हिकर्सची (हिऱ्याचे टोक दाबून, उमटलेल्या ठशावरून मोजतात) आहे. पण नेहमीची मोजणी १० किलोच्या भाराने होते. २५० काठिण्याच्या पोलादात तिचा ठसा पाव मिलिमीटरपेक्षा मोठा उमटतो, म्हणून तो कडेपासून दीड मिलिमीटर आत घ्यावा लागतो. कठीण थर त्याच्याही बाहेर, अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर मोजणी त्याला चुकवते आणि अहवालात २१० येतात. अर्ध्या किलोच्या भाराने घेतलेला ठसा ०.०६ मिलिमीटरचा असतो, तो पृष्ठभागालगत घेता येतो. मागणीपत्रकात ही अट स्वतंत्रपणे लिहावी. ‘काठिण्य २५० च्या आत’ एवढेच लिहिले तर मिल १० किलोचा अहवाल देऊन मोकळी होते. साइटवरील जोडांचेही तेच आहे. रूट पास (वेल्डचा सर्वांत आतला थर) गॅसला लागून असतो, आणि प्रीहीट (वेल्डिंगआधी पाइप तापवणे) टाळली की त्याच्या कडेचा पट्टा सहज २५० ओलांडतो, मग पाइप कितीही चांगला असो.

महापे_डिझाइन

सर्वांचे आभार. नकाराचे टिपण आज लिहिले. गंधक परिशिष्टाच्या दुप्पट, कॅल्शियमचा आकडा प्रमाणपत्रात नाही (भट्टीवाला, आपण विचारले होते), चाचणी चुकीच्या द्रावणात, एसएससीचा अहवाल नाही, आणि हीट मिसळलेल्या. खरेदी विभागाने एक शेवटचा प्रश्न काढला आहे: आपणच साठ्यातील प्रत्येक हीटची चाचणी आपल्या प्रत्यक्ष परिस्थितीत, म्हणजे सामू ३.८ आणि २.१ किलोपास्कलला, करून घेतली तर? आणि नव्या पाइपसाठी नमुना कुठून घ्यावा, हेही कुणी सांगावे.

घासकागद

प्रत्यक्ष परिस्थितीतील चाचणी मान्य असते, पण सौम्य द्रावणात हायड्रोजन सावकाश शिरतो, म्हणून ९६ तास पुरत नाहीत. बराच जास्त काळ ठेवावे लागते. वायूचे मिश्रण सतत तेच राखायचे तर खर्चही वाढतो. प्रत्येक हीटसाठी हे केले तर साठ्यातला स्वस्तपणा उरणार नाही, शिवाय एसएससी आणि पृष्ठभागाचे काठिण्य हे प्रश्न तसेच राहतील.

नमुन्यांबाबत: वेल्डेड पाइपमध्ये एक नमुना जोडावरून, एक त्यापासून ९० अंशांवर आणि एक १८० अंशांवर घेतात. पूर्ण रुंदीच्या प्लेटचा पाइप असेल तर १८० अंशांची जागा स्लॅबच्या रुंदीचा मध्य असते. पण कॉइल उभी चिरून दोन पट्ट्यांतून पाइप बनवले असतील तर स्लॅबचा मध्य पट्टीच्या एका काठाला, म्हणजे पाइपमध्ये जोडाच्या लगत, येतो. मिलला कॉइल चिरली होती का हे लेखी विचारावे आणि चिरली असेल तर जोडाजवळ, मध्याच्या बाजूला, एक जादा नमुना मागावा. शक्य झाल्यास ज्या हीटमध्ये ओतण्याचा वेग बदलला तिचाच.